गोल बांधाचा राखणदार

वडखळच्या पुढे, खाडीकाठच्या उंचवट्यावर मातीचा एक गोल बांध होता, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी घातलेला. संरक्षित स्मारक म्हणून तिथे निळी पाटी होती आणि पाटीखाली हा राखणदार. मी फिरायला गेलो की आधी ओरडायचा, मग ओळखायचा. "वर चढायचं नाय हां, माती सुटते." शेळ्यांनाही तो हेच सांगे, तितक्याच गंभीरपणे. स्वतः कायम बाहेरून वळसा घालून जाई.

यंदाच्या उधाणात खाडीच्या बांधाला खांड पडली आणि खारं पाणी भातात शिरलं. अशा वेळी घरटी एक माणूस माती घेऊन धावतो, ही इथली रीत. पण सगळीकडे पाणी चढलेलं. कोरडी माती होती ती उंचवट्यावरच. गोल बांधावर पहिली कुदळ यानेच मारली. "पाटी बघून प्वाट भरतंय काय?" असं म्हणाला म्हणे.

पुढच्या भरतीने खांडीत टाकलेली ती सगळी माती वाहून नेली. शेत गेलंच, गोल बांधही गेला. मला राग यायला हवा होता, पण कुणाचा, तेच कळेना.

परवा गेलो. पाटी उभी होती, मागे सपाट माळ. मी सरळ मधून चालू लागलो. तो ओरडला नाही.

"जावा," म्हणाला, "आता काय हाय तिथं?"

आणि स्वतः मात्र, नसलेल्या बांधाला बाहेरून वळसा घालून, पलीकडे माझ्यापाशी आला.