सहावी कुपी

आमच्या सरकारी दवाखान्यात अंजनाबाईच्या हाती दोनच गोष्टी. झाडू आणि लशीच्या फ्रिजची चाबी. कागदावर ती शिपाई. मी वामनराव, तिथलाच ॲम्ब्युलन्सवाला. माझ्या गाडीचे टायर जेवढे बदलले नाईत तेवढे डॉक्टर आमच्या इथी बदलले, पण चाबी तिच्या पदरातून हलली नाई. लाइट गेली की बर्फाच्या पिशव्या लावते, गारव्याचा काटा पाहते, आणि कोणी फ्रिजात पिण्याच्या पाण्याची बाटली ठेवली की त्याच्या सात पिढ्या काढते. मी एकदा ठेवली होती, म्हणून ठाऊक.

मार्चात त्या फ्रिजात सहा कुप्या आल्या. कुत्रा-कोल्हा चावल्यावर जखमेत टोचायचं नवं औषध. आमच्या डॉक्टर हर्षा मॅडमनं आम्हाले समजावून सांगतलं. लस टोचली तरी अंगाले स्वतःची राखणदार माणसं जमवायले आठ-दहा दिवस लागतात. तोवर ही तयार राखणदार माणसं जखमेपाशी उभी करायची. त्याईले प्रतिपिंड म्हणतात. आधी ते घोड्याच्या नाईतर माणसाच्या रक्तातून काढत. आता ते बनवायची कृती पेशींमध्ये घालतात आणि कारखान्यात टाक्या भरभरून पिकवतात. सगळे एकसारखे.

अंजनाबाई म्हणे, "म्हणजे ना घोडं लागत, ना माणूस."

लागला, माणूस लागला. तालुक्याचे साहेब जातीनं आले आणि फ्रिजले लाल रिबीन बांधून गेले. मंगळवारी मोठे पाहुणे येणार, त्याईच्या हस्ते लोकार्पण, तोवर कुपीले हात लावायचा नाई. ट्रे भरलेला दिसावा म्हणून तालुक्यात होत्या नव्हत्या तेवढ्या साऱ्या कुप्या आमच्याच इथी आणून मांडल्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

अन् गुरुवारी सकाळी गावातला पोचू आपल्या पोरीले खांद्यावर घेऊन आला. रुखमा, नऊ वर्षांची. झाडाखाली मोहफुलं वेचत होती, पिसाळलेल्या कोल्ह्यानं गालच फाडला.

मॅडमचा चेहराच उतरला. पायाले चावलं असतं तर वेळ मिळाला असता. गालापासून मेंदू किती दूर? एकदा तो रोग डोक्यात शिरला की मंग कोणतंच औषध चालत नाई, पोट्टी गेलीच म्हणून समजा. साबणानं जखम धुतली, बर्फाच्या पेटीतली लस टोचली, आणि साहेबाले फोन लावला.

साहेब म्हणाले, "लस दिली ना? बाकी मंगळवारी पाहू. रिबीन तुटली तर जबाबदारी तुमची."

जिल्ह्याले न्यावं तर रस्ता सकाळपासून खनिजाच्या ट्रकांनी अडलेला. मॅडम कंत्राटी, घरी म्हातारी आई. रिबिनीसमोर उभी राहून ती बाई रडून राह्यली होती. मले असा राग आला का साहेब समोर असते तर गाडीच घातली असती अंगावर.

पोचू तेवढा शांत. त्यानं विचारलं, "मॅडम काऊन रडतात?"

अंजनाबाईनं सांगतलं, "औषध नवीन हाये. मोठ्या माणसानं आधी उघडल्याशिवाय द्यायचं नाई म्हणतात."

पोचूनं मान डोलावली. साऱ्या तालुक्यात साहेबाचा नियम पटलेला तोच एकटा माणूस. "बरोबर हाये," म्हणे. "पंडूमची पूजा झाल्याबिगर आम्ही बी नवा मोहा खात नाई. देवाले आधी. पण मंग गायत्याले सांगा ना. तो तं तिथी बसला हाये."

खरंच बसला होता. गावचा पुजारी, झिंगू गायता, गुडघ्याच्या गोळ्या घ्यायले रांगेत होता.

अंजनाबाई बौद्ध. चाळीस वर्षांत कोणत्या देवापुढं तिनं हात जोडले नाईत, ना कोणत्या साहेबापुढं. तिनं झिंगूकडं पाह्यलं, रिबिनीकडं पाह्यलं, आणि म्हणाली, "झिंगूभाऊ, किती वेळ लागन?"

"तांदूळ असन तं आत्ता."

तांदूळ माझ्या बाजाराच्या पिशवीतून निघाले. झिंगूनं चपला काढल्या, फ्रिजापुढं दाणे टाकले, गोंडीत दोन शब्द पुटपुटला आणि म्हणाला, "झालं. आता वापरा."

"साहेब विचारतीन तं?" मॅडम म्हणाल्या.

"माझं नाव सांगा. झाडूवालीले आणखी खाली कुठी ढकलतीन?" अंजनाबाईनं पट्ट्या कापायची कैची घेतली आणि रिबीन कापली. दवाखान्याचा वजनकाटा बंद, म्हणून रुखमाले शेजारच्या दुकानातल्या मोहा मोजायच्या काट्यावर तोललं. वजनाच्या हिशोबानं एक कुपी पुरली. मॅडमनं जखमेत अन् जखमेभोवती सुया दिल्या. पोट्टीनं अंजनाबाईचा हात असा दाबला का बांगडी तडकली.

पुढं अंजनाबाईले नोटीस आली. 'लोकार्पणापूर्वी शासकीय कुपी का वापरली, खुलासा करावा.' मंगळवारी पाहुणे आलेच नाईत. त्याईले दुसरीकडं पूल उघडायचा होता. नंतर होळी आली, मंग कोणाच्या तरी घरचं लग्न. आले ते महिन्यानं. साहेबानं नवी रिबीन बांधून ठेवली होती.

रिबीन कापली, फोटो निघाले. पाहुण्यांनी ट्रेकडं पाह्यलं. खाचा सहा, कुप्या पाच.

"एक कमी दिसते."

साहेबाचं तोंड पडलं. अंजनाबाईकडं बोट करून म्हणाले, "हिनं परस्पर संपवली, सर. नोटीस दिली आहे. अजून खुलासा नाही."

बाहेर बाकड्यावर रुखमा शेवटच्या लशीसाठी बसली होती, गालावर व्रण, हातात बिस्किटाचा पुडा. अंजनाबाईनं तिले हात धरून आत आणलं आणि ट्रेपाशी उभं केलं.

"हा माझा खुलासा, साहेब," ती म्हणाली. "सहावी ही उभी हाये. मोजून घ्या."