काचेखालची फुलं

मुलीला दम लागला की तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची. अजूनही कुकरची वाफ हळू सुटू लागली, की मी हातातलं काम टाकून उभा राहतो.

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. आम्ही बदलापूरला, मांजर्लीत राहायचो. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होतो. मुलीचे डॉक्टरही अंबरनाथचेच, कारण वाफ द्यायचं यंत्र त्यांच्याकडे होतं. पावसाचा जोर वाढून नदी फुगली की आमच्या गल्लीत रिक्षावाले पाऊल टाकत नसत. एका पावसात मुलीला खांद्यावर घेऊन मी स्टेशनपर्यंत धावलो, आणि तिथल्या उजेडात पाहिलं तर तिची नखं निळी पडली होती. त्यानंतर मी कुणाचं काही ऐकलं नाही. कारखान्यातले एक साहेब निवृत्त होऊन गावी निघाले होते, त्यांची जुनी गाडी घेऊन टाकली.

आईने गाडीला ओवाळलं, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून नेमच धरला. देवपूजा झाली की ती खाली यायची आणि पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेटजवळच्या जाळीवर, झेंडूची दोन फुलं आणि चिमूटभर अक्षता वाहायची. "माझ्या नातीचा जीव हिच्या हवाली केलाय," असं म्हणायची. मी चेष्टा करायचो, "आई, पेट्रोलचाही नैवेद्य दाखव की." पण खरं सांगायचं तर मलाही त्या फुलांचा आधार वाटायचा.

पाऊस लागला आणि पुढच्या सीटखालचं मॅट पायाखाली पचपच वाजू लागलं. मग वास सुरू झाला. ओली गोणी ट्रंकेत कोंबून विसरून जावी, तसला. दार उघडलं की तो अंगावरच यायचा. मी दुर्लक्ष केलं, जुनी गाडी म्हटल्यावर इतकं चालायचंच. पण मुलीला डॉक्टरांकडे नेताना घरून निघालो त्यापेक्षा पोचल्यावर तिचा दम जास्त असायचा. एकदा झालं, वाटलं योगायोग. पुन्हा झालं. तेव्हा डॉक्टरांनीच विचारलं, "गाडीत कुठे पाणी मुरतंय का? बुरशी असली तर हिला त्यात बसवू नका. त्यापेक्षा रिक्षाने आणा."

जिच्यासाठी गाडी घेतली तिलाच मी काचा वर करून बुरशीत कोंडत होतो. आणि रिक्षा तर मिळत नव्हती.

त्या पावसाळ्यात मी आभाळाकडे बघून घाबरायला शिकलो. ढग भरून आले की आधी मुलीच्या छातीला कान लावायचो. भीतीचा राग मग भलत्यावरच निघायचा. बायकोवर खेकसायचो, शेजाऱ्यांच्या रेडिओवर खेकसायचो. उल्हासनगरला जाऊन चारी दारांची रबरं बदलून घेतली. पुढच्या काचेभोवती काळा लेप लावून घेतला. तिथल्या सिंधी दुकानदाराने वर एक अत्तराची बाटली काढली. "साईं, ये रखो. बास तो क्या, बास का बाप भी भाग जाएगा!" बाप काही पळाला नाही. गोणीच्या वासावर गुलाब चढला इतकंच, आणि दार उघडताच मुलीला जी खोकल्याची उबळ आली ती थांबेना. ती बाटली मी नाल्यात भिरकावली.

मॅटखाली पाणी येतच राहिलं. मुलीला दम लागला की दुसऱ्या दिवशी आई काचेपाशी दुप्पट फुलं वाहायची.

शेवटी पावसाने उघडीप दिलेल्या एका रविवारी बायको म्हणाली, "अहो, अंदाज पुरे झाले. मी आत बसते, तुम्ही बाहेरून पाणी ओता. कुठून येतंय ते दिसेल तरी." ती टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवी झाली. मी मगाने पाणी ओतत निघालो. आधी चाकाशेजारी, मग दारांच्या कडांवर, मग काचेच्या कडेने. आतून तिचा आवाज, "नाही. इथेही नाही." उरली होती काचेखालची जाळी. तिच्यावर ओतलं, तेव्हाही आधी काही झालं नाही. मग ती ओरडली, "थांबा! डॅशबोर्डच्या मागून धार लागली!"

मी जाळीचे स्क्रू काढले. खाली पत्र्याची पन्हळ होती. काचेवरचं पावसाचं पाणी तिच्यात उतरतं आणि एका रबरी नळीतून जमिनीवर पडतं. आत बसणाऱ्यांसाठी हवाही त्याच पन्हळीतून आत जाते. नळीत बोट घातलं तर गार, बुळबुळीत काहीतरी लागलं. उंदीर मेला असणार, या कल्पनेनेच मला शिसारी आली. ओढून काढलं, नळाखाली धरलं. काळा गोळा तळहातावर हळूहळू सुटत गेला. झेंडूच्या पाकळ्या, फुगलेले तांदळाचे दाणे, आणि लाल दोऱ्याचा एक तुकडा. नळी त्यांनीच बुजवली होती. पन्हळ भरायची आणि पाणी हवेच्या वाटेने आत सांडायचं.

आई पायरीवर उभी होती. ती खाली आली, माझ्या तळहाताकडे वाकून बघत राहिली.

"हे माझंच ना रे?"

मी मूठ मिटली. बायकोच म्हणाली, "झाडाचा पालाही आहे आई त्यात." आमच्या गल्लीत झाडच नव्हतं.

पुढचे काही दिवस घराचं गॅरेज झालं. मॅटखालचं जाड लोकरी अस्तर पांढऱ्या बुरशीने माखलं होतं, ते फेकून दिलं. सीटा सोडवून हॉलमध्ये पंख्याखाली ठेवल्या, आम्ही त्यांच्यावरच बसून जेवायचो. पत्रा गरम पाण्याने आणि सोड्याने घासला, गंज खरवडला, रेड ऑक्साइड मारलं. खिडकीतून वायर काढून टेबलफॅन गाडीत लावला, कोपऱ्यांत कोळशाची घमेली ठेवली. रंगाचा वास पार जाईपर्यंत मुलीला गाडीजवळ फिरकू दिलं नाही. वास गेला की माझं नाकच मेलं, हेही मला कळेनासं झालं होतं.

कळायची वेळ लवकरच आली. एका संध्याकाळी पावसाची झोड उठली आणि घरात शिट्टी वाजली. मी मुलीला मागच्या सीटवर निजवलं. आई छत्री घेऊन मागोमाग आली. तिच्या मुठीत सवयीने फूल होतं. काचेपर्यंत गेलेला हात तिने मागे घेतला.

"हिला काही न वाहता कशी जाऊ देऊ रे?" ती म्हणाली. "मला भीती वाटते."

"मलाही वाटते," मी म्हणालो. "तू चल."

ती मागे बसली, नातीचं डोकं मांडीवर घेतलं. काचा बंद कराव्याच लागल्या. मी पुढे बघत गाडी हाकत होतो, पण सगळा जीव कानात. वायपरच्या आवाजात शिट्टी मिसळायची, वाढली की तेवढीच आहे ते कळेना. मागे वळून बघायचा धीर होत नव्हता. जर नखं निळी दिसली असती तर मला स्टिअरिंग धरता आलं नसतं. बायको शेजारी डोळे मिटून बसली होती. अंबरनाथचे दिवे दिसायला लागले तेव्हा मागून आवाज आला.

"आजी, आज आपल्या गाडीला वास नाही येत."

दम लागलेला असताना तिने कधी एका श्वासात एवढं वाक्य पुरं केलं नव्हतं. मला समोरचा रस्ता दिसेना. गाडी कडेला घेतली, शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली खरखर ऐकू आली म्हणून खिडकीतून पाहिलं. आईने खराट्याची एक काडी मोडून घेतली होती आणि जाळीतून ती नळीत फिरवत होती. ओठ हलत होते, स्तोत्र चाललं असावं. मग तिने फुलपात्रातलं पाणी काचेवर ओतलं, गुडघे धरून कशीबशी वाकली आणि गाडीखाली बघत राहिली. धार जमिनीवर पडली तशी ती उठली आणि देवपूजेला वर आली. त्या गाडीसाठी हाच तिचा नेम झाला, आम्ही ती विकेपर्यंत.