मी सुलटं केलेलं पान

विजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारातल्या चपला सरळ करत होते. पालथी चप्पल दिसली की घरात भांडण होतं, हे आईनं लहानपणी डोक्यात भरवलेलं. पन्नाशी उलटली तरी हाताची खोड जात नाही. "झोपेतच गेल्या हो," तिची शेजारीण सांगत होती आणि मी चप्पल हातात धरून तशीच उभी... आदल्या रविवारी याच हातानं काय करून ठेवलं होतं, ते आठवलं.

विजू माझी शाळेपासूनची मैत्रीण. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी तपासायची. चादर हाती आली की आधी उलटी करायची. "सुलट्या बाजूला समदं झ्याक दिसतंय गं मंगली. गाठी मागं असत्यात." तिची मुलगी रोहिणी न सांगता लग्न करून बार्शीला गेली, तेव्हा कपाटात तिची टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांच्या पानांची डबी मागे राहिली. विजू आधी ती नुसती उघडून वास घ्यायची. मग मोबाइलवर बघून पानं वाचायला शिकली. रविवारी दुपारी आम्ही चटईवर बसायचो. लांबून यंत्रमागांची खटखट, पडद्यातून पिवळट ऊन, पानांवरून फिरणारी तिची बोटं... मला पेंगच यायची. विश्वास तर अजिबात नव्हता. "भविष्य-बिविष्य काय न्हाय," ती म्हणायची, "उलटं पान आलं, चित्र खाली डोकं वर पाय, म्हंजे वाईट असंबी न्हाय. आवळलेलं सैल व्हायलंय, येवढंच कधी कधी सांगतंय ते." मी ऐकायचे आणि सोडून द्यायचे.

त्या रविवारी ती म्हणाली, "आज रोहिणीला फोन करू का, येवढंच पानाला इचारते." दोन वर्षं मायलेकी बोलल्या नव्हत्या. तिनं डोळे मिटून एक पान काढलं, चटईवर ठेवलं आणि दूध उतू जातंय म्हणून आत पळाली. मी तिच्या बाजूनं वाकून पाहिलं. लाल हृदय, त्यात खुपसलेल्या तीन तलवारी, आणि सगळं चित्र उलटं. पालथी चप्पल सरळ करावी तसा हात आपोआप गेला आणि मी ते पान सुलटं केलं. विजू चहा घेऊन आली. तिनं पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," एवढंच म्हणाली.

चहा पिता पिता मी अर्थ विचारला. "सुलटं आलं तर अजून रुततंय, थांब म्हणतंय. उलटं आलं तर तलवारी गळून पडत्यात. पान उलटं धरून बघ की." तेव्हाच सांगायला हवं होतं. पण लाज वाटली. आणि बुधवारी ती गेली...

त्यानंतर कितीदा तरी ती स्वप्नात आली. उन्हात बसून एक न संपणारी चादर तपासतेय, आणि काही केल्या माझ्याकडे वळत नाही. एका वेड्या खोडीपायी मी विजूला लेकीचा आवाज ऐकू दिला नाही, हे मला आतून खात होतं.

दिवसकार्याच्या गर्दीत रोहिणीशी नीट बोलता आलं नव्हतं. महिन्याभरानं ती आईचं घर आवरायला आली, तशी माझ्याकडेही आली. तिला पाणी द्यायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. ती अचानक हसली, अगदी विजूसारखी. मग डोळे पुसत म्हणाली, "मावशी, त्याच संध्याकाळी आईचा फोन आला होता की! अर्धा तास बोललो आम्ही. म्हणाली, 'मंगलीनं पान सुलटं केलंय. तिला वाटलं, मी बघितलंच न्हाय. चादरी तपासणारीला फसवायलीय!' लई हसत होती. 'येत्या रविवारी सांगते तिला,' म्हणाली, 'तवर लागू दे जरा चुटपुट.'"

तो रविवार काही आला नाही. मी रोहिणीला जवळ घेऊन पोटभर रडले.

जाताना तिनं ते पान मला दिलं. आरशाच्या चौकटीत मी ते उलटंच खोचलंय. रोज सकाळी दारातल्या चपला सरळ करते, केस विंचरायला आरशापुढे येते, आणि हात त्या पानाकडे जातोच. तिथं मात्र तो मागे घेते.