झोपायची ड्यूटी

शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात मॅनेजर असणं म्हणजे काय, हे ज्याला बघायचंय त्यानं ऐन उन्हाळ्यात सोलापुरात यावं. बाहेर डांबर चपलेला चिकटतंय, आत कटिंग, शिलाई, काजबटण, इस्त्री, पॅकिंग, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध बोंबलत फिरणारा मी. "जूनला शाळा उघडणार, पोरं काय उघडी जाणार का?" हे आमच्या शेठचं वाक्य. ते कानावर पडलं की मी जेवणाचा डबा अर्ध्यात मिटून उठायचो. रविवार, सण, मेव्हणीचं लग्न, सगळं त्या वाक्याखाली गेलं. शेठना 'नाही' म्हणायला माझी जीभच वळायची नाही. बायको विचारायची, "अहो, तुमचं लग्न नक्की कुणाशी झालंय?"

शेवटी एक दिवस पॅकिंगमधल्या हाफ पँटींच्या ढिगावर मी चक्कर येऊन आडवा झालो. बराच वेळ कुणी जवळ फिरकलंच नाही, कारण सगळ्यांना वाटलं, साहेब माल तपासतायत. अरे बाबांनो, माल तपासताना माणूस पालथा कशाला पडेल? पण माझी कीर्तीच तशी, त्यांना तरी काय बोल लावायचा!

डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बघितले. म्हणाले, "रिपोर्ट झकास आहेत. माणूस तेवढा संपलाय." कारखाना बंद आणि रोज दुपारी झोप, एवढंच औषध. जाताना बायकोला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं की पुन्हा त्याच रगाड्यात शिरले तर ह्या खेपेला ढिगावर पडून भागायचं नाही. तेव्हापासून तिला एकच धास्ती होती. शेठचा फोन येईल आणि हा माणूस 'आलो शेठ' म्हणून पायात चपला सरकवील.

आता सोलापूरच्या माणसाला दुपारी झोपा म्हणून सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे? जेवणं झाली की बाजारातली शटरं निम्म्यावर येतात, आणि त्या वेळी हाक मारणाऱ्या गिऱ्हाइकाकडं दुकानदार असा बघतो की त्यानं परत तोंड दाखवू नये. अख्खं गाव घोरत असतं. करंटा तेवढा मीच.

झोपायचं म्हणून मी वेळेवर आडवा व्हायचो. डोळे घट्ट मिटायचो. थोड्या वेळानं स्वयंपाकघराकडं ओरडून कळवायचो, "झोपतोय हां मी!" बायको म्हणायची, "कळलं. आता तोंड पण झोपवा." मग मी उठून बसायचो आणि ती तूर निवडत असली की तिला शिकवायला लागायचो. निवडायला एक माणूस, पाखडायला एक, डब्यात भरायला एक, अशी लाइन लावली तर काम किती सुटसुटीत होईल! तिनं एकदा सूप माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तिन्ही माणसं तुम्हीच व्हा." शेजारच्या चाची दारात येऊन कपाळावर हात मारायच्या, "क्या जी, नींद नै आती? हमकू तो बैठे बैठे आती!" मला त्यांचा इतका हेवा वाटायचा की सांगायची सोय नाही.

एका दुपारी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही खाऊन पडलो, आणि फोन वाजला. शेठच. मी हात लांब केला तशी बायकोनं फोन उचलला आणि थेट ज्वारीच्या डब्यात खुपसला. वर झाकण.

"अगं, काय करायलीस? सीझन आहे!"

"सीझन दरवर्षी येतोय. नवरा मला एकच आहे."

मी जाम भडकलो. पाठ फिरवून भिंतीकडं तोंड केलं. डब्यातून फोनचा बारीक आवाज येत राहिला. वाजला, थांबला, परत वाजला. आणि बघा, कुठंही आग लागली नाही. शाळा पडल्या नाहीत. वाजू दे तिच्यायला, असं मनात आलं, आणि त्यापुढचं मला काहीच आठवत नाही.

जाग आली ती घोरण्याच्या आवाजानं. स्वतःच्या घोरण्यानं जागा झालो म्हणावं तर मी जागा होऊनही आवाज चालूच. वळून बघतो तर समोरच्या दिवाणावर शेठ! पायात बूट, मान एका बाजूला, तोंड उघडं.

बायको तोंडाला पदर लावून उभी होती. "फोन कुणी उचलेना म्हणून न्यायला आले. म्हटलं, झोपलेत, उठवणार नाही. म्हणाले, बसतो. मी पाणी आणेपर्यंत हे असे."

एवढ्यात शेठ दचकून उठले. "किती वाजले? गाडी भरली का?" डोळे लाल, खिसे चाचपायलेत. माझ्या काळजात चर्र झालं. हा तर मीच होतो.

मग भानावर येऊन म्हणाले, "चला मॅनेजर, गाडी खाली उभी आहे."

माझे पाय सवयीनं चपला शोधायला लागले. पण तोंडातून शब्द आला, "नाही."

"नाही म्हणजे?"

"येणार नाही, शेठ. सीझनला पण नाही, नंतर पण नाही. मला जगायचंय."

आता फुटतोय शेठचा ज्वालामुखी, म्हणून मी उशी पोटाशी धरली. बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती पुसत पण नव्हती. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला असलं काही पहिल्यांदाच दिलं होतं.

शेठ चहा प्याले, उठले, दारापर्यंत गेले. तिथं घुटमळले. लहान मुलासारखं खाली बघत म्हणाले, "वहिनी, उद्या दुपारी आलो तर चालेल का? कामाचं काही बोलणार नाही. नुसतं इथं पडतो."