वरचं घर

गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये सामान चढलं.

महाडबाहेरच्या मित्रमंडळींना हे कळायचं नाही, म्हणून सांगते... आमची कॉलनी नदीच्या अंगाला. पावसाचा जोर वाढून सावित्री फुगायला लागली की आम्ही तळमजल्यावरची माणसं फ्रीज, गाद्या, धान्याचे डबे उचलून वरच्या मजल्यांवर नेतो. याला आमच्याकडे 'सामान चढवणं' म्हणतात.

आणि प्रत्येकाचं एक 'वरचं घर' ठरलेलं असतं. आमचं सामान दुसऱ्या मजल्यावरच्या सरांकडे जातं. यात खालच्याने विचारायची पद्धत नाही आणि वरच्याने बोलवायचीही नाही. वरच्याने फक्त दार उघडं ठेवायचं, खालच्याने थेट आत शिरायचं... बस्स.

जुलै लागला की आमच्या ग्रुपवरचे गुड मॉर्निंगचे गुलाब बंद होतात आणि पुलाचे फोटो सुरू होतात. एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला जाणारे बसच्या खिडकीतून पाणी टिपतात. मध्येच कोणीतरी मागच्या वर्षीचा फोटो टाकून सगळ्यांना घाबरवतो आणि दिवसभर बोलणी खातो.

तर... आमच्या समोरच्या दारात सुमनकाकू राहतात. एकट्याच. माहेर वरंधचं, हात शिलाईचा. अर्ध्या कॉलनीचे ब्लाउज त्यांच्या पायमशीनवर शिवून होतात, माझेही. काकूंचं वरचं घर म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या वैनी. पण यंदा हिवाळ्यात वैनी फ्लॅट विकून मुलीकडे राहायला गेल्या.

त्यांच्या जागी सोलापूरकडचं एक तरुण जोडपं आलं. नवरा एमआयडीसीत. बायको स्नेहल घरून काम करते... कानाला हेडफोन, जिन्यात भेटली की हसायची आणि वर पळायची.

पावसाळा जवळ आला तशा काकू गप्प व्हायला लागल्या. मुलगा पनवेलला बोलावतोच आहे, मशीन विकून टाकते, म्हणायला लागल्या. "वर आता आपलं कोन हाय गो?"

मी म्हटलं, मी विचारते की स्नेहलला. तर एकदम तुटक... "नको. इचारून जायचं म्हंजे उपकार झाले. वैनीला मी कदी इचारलं नाय."

सरांकडे न्यावं, तर तिथे आमच्याच सामानात सर बिचारे कॉटवर पाय वर घेऊन बसतात. मग मी तो विषयच सोडून दिला. काकू नसलेली कॉलनी मला काही केल्या डोळ्यांसमोर आणवत नव्हती.

गंमत म्हणजे पाऊस सुरू झाल्यापासून स्नेहलचं दार दिवसभर सताड उघडं. संध्याकाळी पायरीवर बसून आम्ही बायकांनी त्यावर भरपूर चर्चा केली. सोलापूरच्या माणसांना कोंडल्यासारखं होत असेल, इथपासून फॅनचं बिल वाचवत असतील, इथपर्यंत सगळं झालं. काकूही हसल्या होत्या.

मग तो दिवस उजाडला. ग्रुपवर फोटोंवर फोटो... सकाळपासून आमची धावपळ सुरू झाली. काकूंकडे डोकावले, तर त्यांनी दोन दगडी चिऱ्यांवर मशीन उचलून ठेवलं होतं आणि कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुलाला फोन झाला होता. येते म्हणून सांगून टाकलं होतं.

दोन चिऱ्यांनी काय होणार होतं! मोठ्या पुरात पाणी त्यांच्या खिडकीच्या वर गेलेलं आहे. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात जिन्यावरून स्नेहल खाली आली. हेडफोन गळ्यात, चेहरा उतरलेला. सरळ काकूंसमोर उभी राहिली.

"काकू, तुम्ही माझ्यावर रागावलाय का? सगळ्यांचं सामान वर चाललंय... तुम्ही येतच नाही."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या.

झालं होतं असं, की किल्ली देताना वैनींनी तिला बजावलं होतं... पावसात खालच्या काकू येतील, बोलवायचं नाही, दार उघडं ठेवायचं. ती बिचारी महिनाभर दार उघडं ठेवून वाट बघत होती! आणि आम्ही खाली बसून तिच्या फॅनचं बिल काढत होतो.

मशीन आम्ही तिघींनी मिळून वर नेलं. घामाघूम झालो. आत पाऊल टाकलं आणि मी थांबलेच... सोफा दाराकडे विचित्रसा सरकवलेला, टीव्ही भलतीकडे आणि खिडकीजवळचा कोपरा पूर्ण रिकामा. फरशीवर मशीनच्या पायांचे गंजके डाग तसेच.

स्नेहल ओशाळून म्हणाली, खूप घासले, निघालेच नाहीत, मग म्हटलं राहू देत.

काकूंनी वाकून मशीनचे पाय बरोबर त्या डागांवर सरकवले. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चा टाक गो."

यंदा पाणी फाटकापर्यंत येऊन परत गेलं. दोन दिवसांनी सगळ्यांचं सामान उतरलं. मशीन मात्र अजून वरच आहे. जड आहे, म्हणतात दोघी. काकू दुपारी वर जाऊन शिवतात आणि स्नेहल हेडफोन काढून शेजारी जेवते. पनवेलच्या फोनवर परवा कानावर आलं... "आता नाय रे जमायचं, हितं कामं पडल्यात."

वैनी, तुम्ही हे वाचत असाल तर... फ्लॅटबरोबर काकूही सोपवून गेलात, त्यासाठी मनापासून आभार. आणि आता कुणाचं दार उघडं दिसलं, की मी पायरीवर बसून तर्क लढवत नाही. आत जाऊन बघते.