कडेगावातला सहावा बोल्ट

"चार," हवालदार म्हणाले.

मी पाचव्या बोल्टला पाना लावला. मिलिटरीतून रिटायर झालेले हवालदार कांबळे कडेगावातल्या आपल्या घरापुढं, लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते आणि मी आवळलेला प्रत्येक बोल्ट मोठ्यानं मोजत होते. समोर त्यांची जुनी पेट्रोल गाडी बॉनेट उघडून उभी. मी तिच्यात कमरेपर्यंत वाकलेला.

माझं गॅरेज उंब्रजला, हायवेला लागून. सत्तावीस वर्षं हेच काम करतोय. सहसा मी कुणाच्या घरी जात नाही. घरी रॅम्प नसतो, आणि मालक शेजारी बसतो. पण इथली अडचण वेगळी होती. हवालदारांच्या मिसेस, सुशीलावहिनी, यांचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून दोनदा कराडला जावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा नंबर होता, आणि गाडीतलं पाणी रोज कमी होत होतं. गाडी गॅरेजला आणायची म्हणजे घाट उतरायचा. मी नको म्हटलं आणि स्वतःच गेलो.

वॉटर पंप म्हणजे इंजिनाभोवती पाणी फिरवणारा पंखा. पाणी फिरलं तर इंजिन गार राहतं. या पंपाचं बेअरिंग गेलं होतं. पुली हातानं हलत होती आणि पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकत होतं. ते भोक कंपनीनंच ठेवलेलं असतं. तिथून पाणी आलं की समजायचं, पंप संपला. बहुतेक लोक तिकडं बघतच नाहीत. हवालदारांनी बघितलं होतं आणि खाली वाटी ठेवली होती.

सकाळी मी कूलंटचं पाणी काढून घेतलं, बेल्ट उतरवला, जुना पंप सोडवला. हवालदार पुढं आले.

"मी काय धरू?"

"तुम्ही खुर्चीवर बसा, हवालदार. हे आमचं काम."

ते बसले. मी नव्या पंपाचे सहा बोल्ट आवळायला घेतले, तसे ते मोजायला लागले.

"पाच," ते म्हणाले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. डायलिसिसवाल्यांचा होता, सकाळची वेळ पक्की करायला. ते बोलत गेटाकडं गेले. त्यांच्या मोजण्याचा मला राग आला होता, हे कबूल करतो. सहाव्या बोल्टला मी जरा जास्तच जोर दिला.

टक.

डोकं माझ्या पान्यात राहिलं. उरलेला बोल्ट इंजिनात.

वहिनी पायरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. "काय मोडलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, वहिनी. पाना सटकला."

"बरं," म्हणून त्या परत शेंगा फोडायला लागल्या.

आता खरं सांगतो. सहापैकी पाच बोल्ट घट्ट होते. मोडलेल्या जागी सिलिकॉनची पेस्ट भरली असती तर बाहेरून काही दिसलं नसतं. गावात फिरायला गाडी महिनाभरही चालली असती. पण कराडच्या वाटेवरच्या सुर्ली घाटात इंजिन तापतं, आतलं पाणी दाब धरतं आणि कच्ची जागा शोधतं. हे मला माहीत होतं. तरी माझा हात पेस्टच्या ट्यूबकडं गेला होता.

"शकीलभाऊ," वहिनी म्हणाल्या, "येताना आमी दोगंच असतो बगा गाडीत. मशीनवरनं उठल्यावर मला धड हुबं ऱ्हावत न्हाई. घाटात गाडी हुबी ऱ्हायली तर काय करायचं? म्हनून ह्यांना म्हनलं, पैला पंप."

मी ट्यूब ठेवली. गेटाशी गेलो.

"हवालदार, बोल्ट मोडला. माझ्या हातनं."

त्यांनी फोन खिशात टाकला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"किती मोडले?"

"एक."

"पाचावर भागंल?"

"गावात भागेल. घाटात नाही."

"मग काडायचा. वेल्डिंग येतं का तुला?"

"ग्रिलचं येतं. एवढं बारीक नाही."

ते गेटाबाहेर गेले. थोड्या वेळानं शेजारच्या ग्रिलवाल्याकडनं लहान वेल्डिंग मशीन आणि काळ्या काचेची ढाल घेऊन आले.

"पंप उतरव. बॅटरीच्या वायरी काड."

वेल्डिंगच्या करंटनं गाडीतला कॉम्प्युटर जळू शकतो. वायरींचं मीच सांगणार होतो. त्यांनी आधी सांगितलं.

पंप काढल्यावर मोडक्या बोल्टचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बाहेर दिसत होता. हवालदारांनी त्याच्यावर नट बसवला आणि नटाच्या भोकातून वेल्ड केला. पाना लावला तसा नट निसटला. वहिनी पायरीवरनं उठून जवळ आल्या. हवालदारांनी दुसरा नट घेतला, या वेळी जास्त वेळ घेतला.

"आता कुनी हात लावायचा न्हाई. गार हुंदे."

तापून गार झाला की आटे पकड सोडतात. आम्ही तिघं त्या नटाकडं बघत बसलो. मग हवालदारांनी पाना लावला. अर्धा फेरा बाहेर, थोडा आत, परत बाहेर. जोर असा लावलाच नाही. बोल्ट आला.

वहिनींनी चहा टाकला. आम्हाला दोन कप, स्वतःला अर्धा. त्यांना पाणी मोजून प्यावं लागतं.

"हे कुठं शिकलात?" मी विचारलं. ते मिलिटरीत होते एवढंच मला माहीत होतं. मिलिटरी म्हणजे बंदूक, असं मी धरून चाललो होतो.

"वर्कशॉपला. सतरा वरसं वेल्डरच हुतो."

"मग सकाळीच सांगायचं की!"

"सकाळी तू खुर्चीवर बसवलंस की रं."

बाजारातून नवा बोल्ट आणला. पंपाच्या सांध्यातली गॅस्केट नवी टाकली, पंप बसवला, कूलंट भरलं, सिस्टिममधली हवा काढली. संध्याकाळी आम्ही दोघं घाट उतरून परत चढून आलो. टेम्परेचरचा काटा मध्यावर होता, तो तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी सातच्या आधीच वहिनींचा फोन आला. "पोचलो. ह्यांनी वाटंत तीनदा गाडी थांबवून बॉनेट उघडलं. काय सुदिक न्हवतं."

अजूनही मी सहसा कुणाच्या घरी जात नाही. गेलोच, तर मालकाला आधी विचारतो, तुम्ही नोकरीत नेमकं काय काम करत होता. एक मालक तलाठी निघाले. त्यांना मी खुर्चीवरच बसवलं.