दोघंही वाहक

लग्नानंतर सिकलसेलचा रिपोर्ट समजून घ्यायला आम्ही दोघं नांदगावहून अकोल्याला गेलो. समुपदेशन करणारी मुलगी पुण्याकडची, नुकतीच शिकून आलेली. बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. "तुम्ही दोघंही वाहक आहात," ती म्हणाली.

"नाही मॅडम, एसटीत वाहक माहा भाऊ आहे," हे म्हणाले. "मी तं शेती करतो."

ती हसली नाही. ओढणी सोडली आणि खुर्ची आमच्याजवळ घेऊन आली. "आमचं शिक्षण सगळं इंग्रजीत. समोरच्याला त्याच्या भाषेत कसं सांगायचं, ते कुणी शिकवलंच नाही. पण शब्द चांगला आहे. तुम्ही आजारी नाही, आजार तुमच्यासोबत प्रवास करतो. दोघांकडूनही बाळात उतरला, तरच बाळाला होतो."

"मग दोष कोनाचा?" मी विचारलं. घरी सासूबाई हेच विचारणार होत्या.

"प्रवासी कुठे उतरला, यात वाहकाचा काय दोष?"

ती पुन्हा भेटली नाही. आता लेकीला शाळेच्या एसटीत बसवताना घंटी वाजली की त्या मॅडमची ओढणी आठवते. आणि अकोल्याहून घरी परतलो ती संध्याकाळही. सासूबाईंनी माझ्याकडे पाहतच दोष कोणाचा ते विचारलं होतं. हे चपला काढता काढता म्हणाले, "माय, आमी दोघंबी कंडक्टर आहो."